एक औषध, एक नोंद

आबिड्स हे नाव ज्या आल्बर्ट आबिद यांच्यावरून पडले, ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खासगी सेवेत होते. निजामांच्या पोशाखाची व्यवस्था त्यांच्याकडे असे. पुढे त्यांनी या भागात दुकान थाटले आणि त्या दुकानाच्या नावानेच सारा परिसर ओळखला जाऊ लागला. त्यांच्याविषयी एक आख्यायिका जुने हैदराबादकर सांगतात. निजामांकडे कपडे व वस्तू इतक्या होत्या की आपले काय आणि नवे काय, हे त्यांच्या ध्यानात राहत नसे. त्यामुळे त्यांच्याच संग्रहातील वस्तू नवी म्हणून त्यांनाच पुन्हा विकली जाई! आख्यायिकेत तथ्य किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. पुरानी हवेलीतील निजाम संग्रहालयात महबूब अली खानांचे ते लांबच लांब कपाट पाहिले की, एवढ्या पसाऱ्याची अचूक नोंद नसेल तर काय घडू शकते, याची कल्पना मात्र येते.

आज तसाच पसारा प्रत्येक औषधविक्रेत्याच्या वाट्याला आला आहे. दुकानाच्या फळीवरचे औषध आता संकेतस्थळावर, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आणि व्हॉट्सअॅपच्या यादीतही मांडावे लागते. ही मांडणी सुसूत्र राहावी म्हणून व्यापारजगतात एक संगणक प्रणाली रूढ झाली आहे. तिला 'प्रॉडक्ट इन्फर्मेशन मॅनेजमेंट', संक्षेपाने 'पिम', असे म्हणतात. मराठीत आपण तिला 'वस्तुमाहिती व्यवस्थापन' म्हणू. डॉक्टरांच्या स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने व्यापाऱ्यांच्या प्रणालीवर लेख का लिहावा, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर सरळ आहे. मुलाला द्यायचे औषध आपण चिठ्ठीवर लिहितो. परंतु ते कोणते म्हणून ओळखले जाईल, त्याची मात्रा किती म्हणून वाचली जाईल, हे पुष्कळदा विक्रेत्याच्या संगणकातील एका नोंदीवर ठरते. ती नोंद चुकली, तर आपली चिठ्ठी बरोबर असूनही बालकाला धोका पोहोचतो.

नोंद विखुरते कशी?

ऑनलाइन औषधविक्रीचे नियम केंद्र सरकारने २८ ऑगस्ट २०१८ रोजी मसुद्याच्या रूपात प्रसिद्ध केले. विक्री मात्र अंतिम नियमांची वाट पाहत थांबली नाही. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, परवानाधारक विक्रेत्यांना घरपोच औषधे देण्याची मुभा मिळाली आणि लहान दुकानदारही या प्रवाहात उतरले. २००६ मध्ये आपल्या हैदराबादेत सुरू झालेल्या मेडप्लससारख्या, हजारो दुकानांच्या साखळीला मध्यवर्ती यादीवाचून एक दिवसही चालणार नाही. प्रश्न आहे तो पिढीजात, एकाच गाळ्यातल्या दुकानाचा.

आबिड्स परिसरातील अशाच एका परिचित विक्रेत्याने आपल्या यादीतील बालविभाग तपासून देण्याची विनंती मला केली. ती यादी पाहताना विखुरलेपणाचा अर्थ माझ्या नीट ध्यानात आला. देयके करणाऱ्या संगणकात एक यादी होती, संकेतस्थळासाठी दुसरी, एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेकडे पाठवलेली तिसरी, आणि कोठीच्या घाऊक बाजारातून माल मागवण्याची चौथी. त्या चार याद्यांत क्षारसंजीवनीचे एकच पाकीट सहा वेगवेगळ्या नावांनी नांदत होते. कोठे कंपनीचे नाव आधी, कोठे चव आधी, कोठे वजन गाळलेले. किंमत बदलली की ती चार ठिकाणी बदलावी लागे आणि एखादे ठिकाण हमखास राहून जाई. यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. चार माणसांनी चार वेळी, आपापल्या गरजेनुसार, त्याच वस्तूचे वर्णन केले होते, इतकेच.

निघंटूची परंपरा

एका द्रव्याला अनेक नावे असणे आपल्याला नवे नाही. गुळवेल, गुडूची आणि अमृता ही एकाच वेलीची नावे. आपले तेलुगू शेजारी तिला 'तिप्पतीगे' म्हणतात. हा गोंधळ ओळखूनच आयुर्वेदाने निघंटू रचले. धन्वंतरी निघंटू, राजनिघंटू यांसारख्या ग्रंथांत द्रव्य एक, त्याचे पर्याय अनेक आणि गुणधर्म त्याच एका जागी, अशी मांडणी आढळते. नाव कोणतेही घेतले तरी वैद्य त्याच एका द्रव्यापर्यंत पोहोचावा, हा त्यामागील हेतू. वस्तुमाहिती व्यवस्थापनाची प्रणाली म्हणजे दुकानाचा निघंटूच होय. फरक एवढाच की, निघंटूत फेरफार झाला तर सर्व प्रती नव्याने लिहाव्या लागत. येथे एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्व ठिकाणी आपोआप उमटते.

प्रणालीची रचना

या प्रणालीचा पहिला पाया म्हणजे ओळखक्रमांक. वेष्टनावरील काळ्या रेषांच्या पट्टीखाली तेरा अंक असतात. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात च्युइंगगमचे पाकीट अशा पट्टीच्या साहाय्याने प्रथम विकले गेले. भारतात जीएस१ इंडिया ही संस्था १९९६ पासून हे क्रमांक देते. तिने दिलेल्या क्रमांकांचा आरंभ ८९० या अंकांनी होतो. त्यावरून वस्तू भारतातच बनली, असे मात्र समजू नये. क्रमांक भारतातील संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ.

या तेरांपैकी शेवटचा अंक पडताळणीचा असतो. समजा, पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ असे आहेत. विषम स्थानांवरील अंकांची बेरीज २८ होते. सम स्थानांवरील अंकांची बेरीज ३४. तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. ही संख्या दहाने पूर्ण भागली जाते, म्हणून पडताळणीचा अंक शून्य. कोणताही एक अंक चुकीचा टंकित झाला की हे गणित जुळत नाही आणि संगणक नोंद नाकारतो. नावाच्या स्पेलिंगला अशी स्वयंसिद्ध पडताळणी नाही. म्हणून नाव हे ओळखीचे साधन मानू नये, क्रमांक मानावा.

दुसरा पाया म्हणजे रकाने. एका औषधाच्या नोंदीत व्यापारी नाव, मूळ औषधाचे नाव, स्वरूप, प्रत्येक मिलिलिटरमधील मात्रा, बाटलीचे आकारमान, सोबतचे मोजमापाचे साधन, साठवणीचे तापमान, चिठ्ठीची आवश्यकता, उत्पादक आणि छायाचित्र हे स्वतंत्र रकाने असावेत. सगळी माहिती एका लांबलचक वाक्यात कोंबली की संगणकाला ती तपासता येत नाही. आवश्यक रकाना रिकामा असेल तर वस्तू विक्रीच्या पानावर जाऊच नये, असा नियम प्रणालीत घालता येतो. त्यातही जाणकार औषधनिर्मात्याने पाहून मान्यता दिल्यावरच नोंद बाहेर पडावी आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची स्मृती राहावी, अशी सोय असते.

तिसरा पाया म्हणजे स्थिर आणि चल माहितीची फारकत. औषधाचे स्वरूप, मात्रा, उत्पादक ही स्थिर माहिती. बॅच क्रमांक, मुदत आणि शिल्लक साठा ही चल माहिती. पहिली या मध्यवर्ती नोंदीत राहते, दुसरी साठ्याच्या हिशेबात. मात्र दोहोंना जोडणारा दुवा तोच ओळखक्रमांक असतो.

आता या रकान्यांचे महत्त्व आपल्या नित्याच्या अनुभवातून पाहू.

मात्रेचा रकाना

पॅरासिटामॉल आपण सारेच लिहितो. दहा किलो वजनाच्या बालकाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १५० मिलिग्रॅम द्यायचे आहे, असे धरू. मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर दीड मिलिलिटर पुरेल. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले पातळ औषध असेल तर सहा मिलिलिटर लागेल. २५० मिलिग्रॅमचे असेल तर तीन. सहा मिलिलिटरची सूचना लक्षात ठेवून कोणी थेंबांची बाटली वापरली, तर बालकाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट मात्रा जाईल. यकृतावर त्याचा परिणाम काय, हे येथे सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेत हा धोका ओळखून उत्पादकांनी २०११ मध्ये तान्ह्यांसाठीचे तीव्र थेंब मागे घेण्याचा आणि पाच मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम हे एकच प्रमाण ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडे मात्र अनेक प्रमाणे बाजारात शेजारी शेजारी नांदतात. नावापुढचे 'डीएस' म्हणजे दुप्पट तीव्रता, हे आपण जाणतो. घाईत असलेल्या आईला ती दोन अक्षरे दिसतीलच असे नाही. एका विक्रेत्याच्या पानावर शीर्षकात २५० आणि छायाचित्रात १२५ असे मी स्वतः पाहिले आहे. आई घरी आलेली बाटली घेऊन विचारायला आली, म्हणून घोळ वेळीच उघडकीस आला. शीर्षक एकाने लिहिले होते, छायाचित्र दुसऱ्याने चढवले होते. दोहोंना बांधणारी एक नोंद नव्हती.

अॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्लाच्या संयोगाचेही तसेच आहे. बाटलीवरचा ४५७ हा आकडा म्हणजे ४०० आणि ५७ यांची बेरीज. आपण मात्रा ठरवतो ती अॅमॉक्सिसिलिनची. नोंदीत दोन घटकांना दोन रकाने नसतील, तर तो एकत्रित आकडा दिशाभूल करणारच.

वर्गाचा रकाना

वस्तू कोणत्या वर्गात मांडली, हा रकाना वरवर निरुपद्रवी वाटतो. तो किती निर्णायक ठरतो, हे आपल्याच शहराने साऱ्या देशाला दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या क्षारसंजीवनीत एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. द्रावणाची एकूण परासारिता २४५. याउलट नावात 'ओआरएस' ही अक्षरे मिरवणारी, साखरेने गोड केलेली पेयेही बाजारात होती. अतिसाराने शुष्क झालेल्या बालकाला अधिक साखरेचे पेय दिले, तर जुलाब वाढण्याचाच संभव. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावाविरुद्ध अनेक वर्षे चिकाटीने लढा दिला, न्यायालयाचे दारही ठोठावले. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, वेष्टनावर खुलासा छापण्याच्या अटीवर, असे नाव वापरण्यास सवलत दिली होती. ती सवलत १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने मागे घेण्यात आली.

आदेश निघाला, पण पुढचे काम कोणाचे? ऑनलाइन दुकानात ग्राहक फळीकडे पाहत नाही. तो शोधाच्या चौकटीत तीन अक्षरे टंकित करतो. त्या अक्षरांना उत्तर म्हणून काय समोर यावे, हे नोंदीतील नाव आणि वर्ग ठरवतात. ज्या विक्रेत्याकडे 'औषधी क्षारसंजीवनी' आणि 'पेय' असे दोन वेगळे वर्ग एकाच मध्यवर्ती यादीत होते, त्याला ही दुरुस्ती एका बैठकीत करता आली असती. ज्याच्या चार याद्या आहेत, त्याच्याकडे एखाद्या कोपऱ्यात जुने नाव टिकून राहण्याची भीती असते. कायद्याचा आदेश अखेर एखाद्या रकान्यात उतरावा लागतो, तेव्हाच तो आईच्या हातातील पडद्यापर्यंत पोहोचतो.

बालान्नाचेही उदाहरण घ्यावे. १९९२ च्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या कायद्याने दोन वर्षांखालील बालकांच्या दुधाच्या पर्यायांची, बालान्नाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. प्रणालीत अशा वस्तूंना 'जाहिरात वर्ज्य' अशी खूण एकदा केली, की सणासुदीच्या जाहिरातींच्या लाटेत त्या वस्तू आपोआप बाजूला राहतात. 'चार वर्षांखालील बालकांसाठी वर्ज्य' हाही असाच एक रकाना. क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलएफ्रिनच्या मिश्रणावर तो इशारा छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. वेष्टनावर जे छापले आहे, ते विक्रीच्या पानावरही दिसलेच पाहिजे.

बॅचचा रकाना

ऑक्टोबर २०२५ च्या आरंभी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून आलेल्या वार्ता आपल्यापैकी कोणीही विसरलेला नसेल. खोकल्याच्या औषधानंतर मूत्रपिंडे निकामी झालेली अनेक बालके उपचारांसाठी नागपुरात आणली गेली. वीसहून अधिक बालके दगावली. कोल्ड्रिफ या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के असल्याचे तमिळनाडूतील शासकीय तपासणीत आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का! तेलंगण आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या औषध प्रशासनांनी त्या बॅचविषयी इशारे दिले.

वस्तुमाहितीच्या प्रणालीने विष ओळखता आले नसते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ते काम उत्पादनाच्या तपासणीचे आहे. परंतु इशारा निघाल्यानंतरचे तास मोलाचे असतात. वस्तूचा क्रमांक आणि बॅच यांची साखळी शाबूत असेल, तर विक्रेत्याला ते पान तत्काळ बंद करता येते, उरलेला माल बाजूला काढता येतो, आणि ज्या घरी ती बाटली गेली त्या घरी दूरध्वनी करता येतो. साखळी नसेल, तर वर्तमानपत्रातील बातमी त्या घरात वाचली जाईल, अशी आशा करण्यापलीकडे काही उरत नाही.

या दिशेने देशात पावले पडली आहेत. १७ नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार ३०० निवडक ब्रँडच्या वेष्टनावर पट्टीसंकेत किंवा क्यूआर संकेत छापणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक झाले. त्यात वस्तूचा अनन्य क्रमांक, मूळ औषधाचे नाव, ब्रँड, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत आणि परवाना क्रमांक अशी आठ प्रकारची माहिती असते. पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्राने भारतातील औषधांसाठी समान संकेतांकांची सूचीही तयार केली आहे. दुकान, रुग्णालय आणि डॉक्टर यांचे संगणक त्याच एका भाषेत बोलू लागावेत, हा तिचा उद्देश.

मर्यादा

केंद्रीकरणाचा गुण हाच त्याचा दोषही आहे. दुरुस्ती जशी क्षणात सर्वत्र पोहोचते, तशीच चूकही. चार याद्यांत एक चूक असेल तर तिची व्याप्ती एका यादीपुरती. एकाच यादीत असेल तर ती दुकानाच्या गल्ल्यापासून ग्राहकाच्या फोनपर्यंत जाते. म्हणून ज्याने नोंद भरली, त्यानेच तिला मान्यता देऊ नये. लस टोचण्यापूर्वी परिचारिका कुपी वाचते आणि आपण पुन्हा वाचतो, त्यातलाच हा शिरस्ता. नोंद भरताना जुन्या यादीवरून नक्कल करू नये. बाटली हातात घेऊन वेष्टनावरून भरावी.

दुसरे असे की, प्रणाली महागडीच हवी असे नाही. अकेनिओ, पिमकोअर अशा नावांच्या प्रणाली मोठ्या व्यापारात वापरल्या जातात. लहान दुकानाला मात्र ठरलेल्या रकान्यांचा एकच काटेकोर तक्ता आणि तो सांभाळणारी एक जबाबदार व्यक्ती, एवढ्यावरही आरंभ करता येतो. आमच्या परिचित विक्रेत्याने तेच केले. बालविभागापासून सुरुवात करून चार याद्यांची एक केली. बाकीच्या याद्या आता तिच्यातूनच निघतात.

आपण काय करावे?

साखळीचा पहिला दुवा आपण आहोत. मूळ औषधाचे नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमावलीत २०१६ च्या दुरुस्तीने सांगितले. बालकांच्या बाबतीत एवढे पुरेसे नाही. त्यापुढे स्वरूप, पाच मिलिलिटरमधील किंवा एका मिलिलिटरमधील मिलिग्रॅम आणि द्यायचे मिलिलिटर या तीन गोष्टी लिहाव्यात. 'एक चमचा' हा शब्द चिठ्ठीतून हद्दपार करावा. औषध घरपोच आले तर पहिली मात्रा देण्यापूर्वी बाटलीचे छायाचित्र पाठवा, असे पालकांना सांगावे; ते पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. एखाद्या पानावर चूक आढळली तर नुसती हळहळ व्यक्त न करता वस्तूच्या क्रमांकासह विक्रेत्याला लेखी कळवावे.

आपल्या संस्थेनेही एक छोटे काम अंगावर घ्यावे, अशी माझी सूचना आहे. बालकांना नेहमी लागणाऱ्या औषधांची, त्यांच्या उपलब्ध प्रमाणांची आणि वयोमर्यादांची पडताळलेली सूची आपण तयार करावी आणि परिसरातील विक्रेत्यांना विनामूल्य द्यावी. इंग्रजीबरोबर तेलुगू, उर्दू, हिंदी व मराठीतही सूचना असाव्यात. या शहरात एकाच जिन्यावर या सर्व भाषा राहतात. दुकानदार माल जाणतो, आपण मात्रा जाणतो. हे दोन्ही ज्ञान एका नोंदीत एकत्र आले, तर रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या लेकराला मांडीवर घेऊन फोनच्या उजेडात बाटली वाचणाऱ्या आईला जे दिसेल, ते खरे असेल.